पाणी सपाट होतं, मग जमीन कशाला?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मुलांसाठी यंदा जमिनीवर उभा करायचा अठरा फुटी गोल पोहण्याचा तलाव आणला आहे. लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यात अडकवायचं जाड प्लॅस्टिकचं अस्तर, अशा प्रकारचा. सोबतच्या पुस्तिकेत एकच धोशा लावलाय : जमीन समपातळीत हवी. आमच्या मागच्या अंगणाला तलावाच्या रुंदीत चारेक इंच उतार आहे. पण पाणी कशातही ओतलं तरी वरून सपाटच होतं. एका बाजूला चार इंच जास्त खोल होईल, एवढंच ना? शेजारी म्हणतात, उताराच्या बाजूला वाळूची पोती रिकामी करा, अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या वडिलांनी यवतमाळकडे आयुष्यभर शेती केली. ते फोनवर म्हणाले, "भर घालू नको, खण." बरोबर कोण आणि का?

उत्तर : वडील बरोबर आहेत. आणि का बरोबर आहेत ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं काम तुम्हाला पुस्तिकेशिवायही जमेल.

पाणी सपाट होतं हे खरंच. अडचण पाण्याला नाही, भिंतीला आहे. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. तलाव किती मोठा, त्यात एकूण पाणी किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने 1586 साली हे मांडलं आणि आजही धरणापासून टाकीपर्यंत सगळी गणितं त्यावरच चालतात. दाब खोलीच्या पटीत वाढतो, पण भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. म्हणून दोनचार इंचांचा फरक दिसतो त्यापेक्षा महाग पडतो.

तुमच्याच तलावाचा हिशेब करू. मधोमध 1.2 मीटर पाणी धरलं, तर भिंतीच्या एक मीटर रुंद पट्टीवर 720 किलोचा रेटा येतो. जमिनीला चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर उतार असेल तर खालच्या बाजूला पाणी 1.25 मीटर आणि वरच्या बाजूला 1.15 मीटर. रेटा अनुक्रमे 781 आणि 661 किलो. दर मीटरला 120 किलोचा फरक. गोल तलावाची सगळी ताकद एका गोष्टीत असते : चारही बाजूंनी सारखा रेटा आला की भिंत वर्तुळातच ताणली जाते, कुठेच वाकत नाही. म्हणून तर एवढ्या पातळ प्लॅस्टिकच्या आणि पोकळ पाइपांच्या भिंतीत अठ्ठावीस हजार लिटर पाणी मावतं. रेटा असमान झाला की ती सोय संपते. पूर्ण वर्तुळभर बेरीज केली तर तुमच्या भिंतीवर उताराच्या दिशेने पाचशे किलोंहून थोडा जास्त जोर उरतो, ज्याला समोरून काहीच उत्तर नाही. आणि तो दिवसरात्र, पाणी असेपर्यंत. आधी खालच्या बाजूचे पाय बाहेरच्या अंगाला कलतात, मग पाइपांचे सांधे चिमटतात, अस्तराची शिवण ताणते. फुटतं ते अचानक, पण तयारी बरेच दिवस चाललेली असते.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरा विषय तिथे आहे.

तुमच्या तलावात सुमारे 28 टन पाणी असेल. आकडा ऐकून छाती दडपते आणि मग लोक म्हणतात, एवढ्या वजनाखाली जमीन खचणारच. पण ते वजन तेवीस-चोवीस चौरस मीटरवर पसरलेलं असतं. चौरस मीटरला 1200 किलो. साठ किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला की त्याच्या तळव्यांखालच्या जमिनीवर साधारण एवढाच दाब येतो, किंबहुना थोडा जास्तच. म्हणजे ज्या मातीवर तुम्ही उभे राहू शकता, ती माती हा तलाव तोलू शकते. प्रश्न वजनाचा नाही. सगळीकडची माती सारखी दबेल का, हा आहे.

इथे वडिलांचं वाक्य लागू पडतं. न हललेली जमीन कित्येक वर्षांच्या पावसाने, उन्हाने आणि स्वतःच्याच भाराने बसलेली असते. खणून काढलेली माती भुसभुशीत होते, तिच्यात हवा शिरते. काढलेल्या खड्ड्यात ती परत मावत नाही हे कुणीही कुदळ मारलेल्या माणसाला ठाऊक असतं. अशी माती किंवा वाळू उताराच्या बाजूला चार इंच भरली, तर तुम्ही अर्धा तलाव पक्क्या जमिनीवर आणि अर्धा कच्च्या जमिनीवर उभा करता. पाणी भरताच कच्ची बाजू बसते आणि ज्या बाजूला उतार होता त्याच बाजूला तो परत येतो. वाळूचं तर आणखी एक आहे. तिला कडेने आधार नसेल तर ती ठरत नाही. पहिल्या मोठ्या पावसात कडेची वाळू वाहून जाते, मुंग्या आतून पोखरतात, आणि तलावाचा नेमका भार पडणारा काठच पोकळ होतो. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे. त्यांचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका.

तुमच्या बाबतीत खणण्याचं आणखी एक कारण आहे. प्लेनोचा परिसर ज्या पट्ट्यात येतो त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. तिथली काळी चिकण माती आणि यवतमाळची काळी कापसाची जमीन, या दोन्ही मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात एकाच गटात बसतात, व्हर्टिसॉल. जन्म वेगळा : आपली दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली, त्यांची क्रिटेशस काळातल्या समुद्राने मागे ठेवलेल्या चुनखडी आणि मार्लच्या (चुनायुक्त चिकणमातीच्या) थरांवर तयार झालेली. पण दोन्हींत पाणी शोषून फुगणारी चिकण खनिजं भरपूर, त्यामुळे स्वभाव एकच. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. डॅलसकडची मंडळी उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारा पाइप लावून माती ओली ठेवतात ते याचसाठी; एक बाजू सुकली तर घराचा पाया तडकतो. बांधकाम होण्याआधी त्या गवताळ रानात जमीन आपोआपच उंचसखल व्हायची, जुने वसाहतवाले त्या खळग्यांना 'हॉग वॉलो' म्हणत. अशा मातीत आज केलेली पातळी वर्षभर तशीच राहील असं समजू नका. तुमच्या वडिलांनी बांधबंदिस्ती करताना जे पाहिलं असेल तेच तुमच्या अंगणात घडणार आहे.

तेव्हा काम असं करा.

कुदळ उचलण्याआधी 811 ला फोन करा. अमेरिकेत हा खोदकामासाठीचाच क्रमांक आहे, सेवा फुकट असते आणि काही दिवसांत माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या रंगाने आखून जातात : वीज लाल, गॅस पिवळा, पिण्याचं पाणी निळा, सांडपाणी हिरवा, टेलिफोन-केबल नारिंगी. चार इंचच तर खणायचंय म्हणून हे टाळू नका. इंटरनेटच्या तारा कधीकधी तेवढ्याच खोलीवर असतात. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर जागाच बदला. शहराच्या कार्यालयात परवानगीचीही चौकशी करून ठेवा.

मग मध्यभागी एक खुंटी ठोका, तिला दहा फूट दोरी बांधा आणि चुन्याने वर्तुळ आखा. तलाव अठरा फुटांचा असला तरी सपाटी वीस फुटांची हवी, म्हणजे पायांच्या बाहेर फूटभर पक्की जमीन राहते. वर्तुळातली हिरवळ मुळांसकट काढा. तशीच ठेवली तर ती अस्तराखाली कुजते, खळगे पडतात, वास येतो.

हिरवळ काढताना लव्हाळ्यावर नजर ठेवा. हो, आपलाच लव्हाळा, नागरमोथा. टेक्सासमध्येही तो मुबलक आहे आणि तिथल्या तलाववाल्यांना त्याने चांगलंच छळलं आहे. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि प्लॅस्टिकचं अस्तर खालून सरळ भोसकून वर येतो. वरचं पातं उपटून उपयोग नाही. खाली माळेसारख्या गाठी असतात, त्यांतली एक राहिली तरी पुन्हा फुटतो. फावड्याने माती उलटून, हाताने चाळून त्या गाठी वेचाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण तलावाला तळातून पडलेलं भोक शोधणं याच्या दसपट कंटाळवाणं असतं.

पातळी कशी बघायची? लेझरचं यंत्र भाड्याने मिळतं, पण आपल्या गवंड्याची पारदर्शक नळी तितकीच अचूक आहे आणि नीट भरली तर ती चुकत नाही, कारण तिच्यात पाणीच आहे. पंचवीसेक फूट नळी घ्या, पाण्याने भरा. एक टोक मधल्या खुंटीला धरा, दुसरं घेऊन काठाने फिरा. काठावर दर पाच-सहा फुटांवर खुंटी ठोका आणि नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे तिच्यावर खूण करा. सगळ्या खुणा एका पातळीत आल्या. आता प्रत्येक खुणेपासून जमीन किती खाली ते मापायचं, की कुठे किती खणायचं हे कळलं. काळजी एकच घ्या : नळी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बोटभर लांबीचा बुडबुडा मधे अडकला तर दोन टोकांची पाणी वेगळ्या उंचीवर थांबतात आणि तुम्ही मोठ्या विश्वासाने वाकडी जमीन तयार करता. नळी उन्हात पडलेली असेल तर थोडा वेळ सावलीत ठेवा, टिचक्या मारत बुडबुडे वर काढा, आणि वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून बघा. पाणी एका रेषेत आलं तरच पुढे चला.

खुणेपासून जमीन जिथे सर्वांत खाली आहे, ती तुमची अंतिम पातळी. बाकीची जमीन तिथपर्यंत उतरवायची. वीस फुटांच्या वर्तुळात यातून अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त माती निघेल, वजनाने तीन टनांच्या आसपास. ती टाकायची कुठे हे आधीच ठरवून ठेवा, आणि वर्तुळात परत टाकू नका. चुकून एखाद्या ठिकाणी जास्त खणलं गेलंच तर तिथे काढलेली माती न घालता चुनखडीची बारीक कच घाला, ओली करा आणि चोपा. कचेचे दाणे कोनीय असल्याने एकमेकांत अडकतात. नदीची गोल वाळू घरंगळते.

मातीची ओल बघून कामाला हात घाला. फार ओली असली तर चिकण माती फावड्याला धरते आणि चोपली तरी रबरासारखी उसळते. फार कोरडी असली तर ढेकळं निघतात आणि भेगांमुळे पातळी कळत नाही. मुठीत आवळली तर गोळा होईल आणि बोटाने दाबला तर फुटेल, तो दिवस योग्य. खणून झाल्यावर सगळी जागा धुमसाने चोपा. मग त्यावर इंचभर कचेचा थर, लांब सरळ फळीने ओढून सारखा केलेला, आणि तोही चोपलेला. बुटाची टाच जोरात रोवून बघा. ठसा उमटला तर अजून चोपायला हवं.

तलावाच्या पायांखाली सिमेंटच्या चौकोनी लाद्या बसवा. पायाचा तळ तळहाताएवढा. नुसत्या मातीत तो हळूहळू घुसतो आणि एक पाय घुसला की त्याच्या शेजाऱ्यांवर भार जातो. लादी मात्र जमिनीच्या वर ठेवायची नाही, तिचा वरचा पृष्ठभाग आसपासच्या जमिनीशी भिडला पाहिजे. लाद्या आपसांत समपातळीत आहेत का, हे पुन्हा त्याच नळीने तपासा.

एक गोष्ट बहुतेक माणसं विसरतात. उतारात खणलं की वरच्या बाजूला मातीची छोटी कड तयार होते आणि पावसाचं पाणी तिथून थेट तलावाच्या तळाशी येऊन साचतं. काळ्या मातीत हे सर्वांत घातक. एक बाजू ओली होऊन फुगणार, दुसरी कोरडी राहणार आणि तुमची मेहनत एका हंगामात वाया जाणार. म्हणून वरच्या अंगाला, कडेपासून फूट-दीड फूट दूर, अर्धचंद्राकृती चर काढा आणि पाणी दोन्ही बाजूंनी पुढे न्या. छताचं पन्हाळं तलावाच्या दिशेला सुटत असेल तर वळवा. हिरवळीवरचे फवारे फक्त एकाच बाजूला पडत असतील तर तेही बदला. घराच्या पायापासून जितकं लांब जमेल तितकं लांब जा. पंपाचा सांधा गळायला लागला तर ते पाणी पायाखालच्या मातीत मुरायला नको.

आता तुमच्या मूळ प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट. पाणी स्वतः सपाट होतं, म्हणून तेच तुमचं परीक्षक आहे. तलाव उभा करण्याआधी मोकळ्या सपाटीवर एक दिवस पाणी शिंपडा आणि डबकी कुठे साचतात ते बघा. पुढे तलावात जेमतेम इंचभर पाणी सोडा आणि थांबा. ते एका बाजूला गोळा होत असेल तर लगेच दिसेल, आणि या टप्प्यावर दुरुस्ती सोपी आहे. तळाच्या सुरकुत्याही आत्ताच पायांनी बाहेर ढकला. ठीक वाटलं तर भरत जा आणि फूटभर झालं की चार ठिकाणी पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा. सगळीकडे इंचभराच्या आत फरक असेल तर पुढे भरा. इंचाच्या वर गेला तर नळ बंद करा. दोन इंच फरक दिसत असताना 'आता एवढं भरलंच आहे तर' म्हणून पुढे जाऊ नका. फूटभर पाणी उपसायला एक संध्याकाळ लागते. पूर्ण भरलेल्या तलावाची भिंत मुलं आत असताना फुटली तर 28 टन पाणी कुठल्या दिशेने जाईल हे कुणाच्या हातात राहत नाही.

पहिला पूर्ण आठवडा रोज ही चार मापं घ्या. पुढे पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत पुन्हा. तुमची माती हलणारी आहे, तिच्यावर लक्ष ठेवणं हा या कामाचा भागच समजा.

आणि कृपा करून, कुंपण आणि शिडी. तलाव वापरात नसेल तेव्हा शिडी काढून आत ठेवा, आणि आपोआप बंद होणारं फाटक लावा. लहान मूल बुडतं ते आरडाओरडा न करता, दोनतीन मिनिटांत. एवढ्या काळजीने सपाट केलेल्या जमिनीवर ही एक गोष्ट राहून जाऊ देऊ नका.

प्रश्न : आमचं रत्नागिरीजवळ छोटं होम-स्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी असाच एक बारा फुटी तलाव घ्यायचा विचार आहे. पण आमची जागा सड्यावर, हातभर मातीसुद्धा नाही, खाली सगळा जांभा. तो खणायचा तर मशिन लागेल. आम्ही मुरूम टाकून सपाट केलं तर चालेल का?

उत्तर : तुमचा प्रश्न वर दिलेल्या उत्तराच्या बरोबर उलट आहे. जांभा खचत नाही, फुगत नाही, म्हणून खालची जमीन तुम्हाला पक्कीच मिळाली आहे. पण सडा उंचसखल असतो. मुरूम टाकलात तर एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर असा थर पडेल. वीतभर थर जास्त बसेल, बोटभर थर जवळपास बसणारच नाही, आणि तलाव कलेल. शिवाय तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा तुमचा पाऊस मुरूम धुऊन नेईल.

फरक दोनतीन इंचांचा असेल तर उंचवटेच छिन्नीने किंवा ब्रेकरने उतरवा. जांभा ताजा उघडला की तुलनेने मऊ असतो, जांभ्याचे चिरे काढणारा माणूस हे काम एका दिवसात करून देईल. फरक जास्त असेल तर मुरुमाऐवजी पी.सी.सी. (सळई नसलेलं साधं काँक्रीट) घाला, खालच्या बाजूला चिऱ्यांची एक ओळ लावून काठ बांधून घ्या आणि त्यावर काँक्रीट ओतून पाणसळीने सपाट करा. काँक्रीट एकदा धरलं की बसत नाही, जाडी कमी-जास्त असली तरी चालते. पण त्यावर अस्तर थेट ठेवू नका, खडबडीत पृष्ठभाग घासून भोकं पाडतो. जाड फोमचे तक्ते किंवा चांगलं जिओटेक्स्टाइल कापड दुहेरी अंथरा, जुनी सतरंजी नको. सतरंजी ओली राहून कुजते.

पावसाळ्यात तलाव उभा ठेवूच नका. मेच्या अखेरीस रिकामा करा, वाळवा आणि घडी घालून ठेवा. जूनच्या वाऱ्यात रिकामा तलाव उडतो, आणि भरलेला ठेवलात तर रोज काठावरून वाहणारं पाणी पायांखालची जागा धुऊन काढतं. पाणी काढण्याआधी आठवडाभर त्यात क्लोरिन टाकणं थांबवा, म्हणजे ते कलमांच्या आळ्यात सोडता येईल.